विमानवाहू जहाजावर चार वर्षं होतो, विमानं मात्र फारशी पाहिली नाहीत

तुमचा प्रश्न असा आहे : "विमानवाहू युद्धनौकेवर नोकरी केलेलं इथे कोणी आहे का? रोज डोळ्यांसमोर विमानं उडताना पाहून कसं वाटायचं?"

पहिल्या भागाचं उत्तर : मी आहे. 'विराट'वर चार वर्षं होतो, नव्वदच्या आगेमागे. दुसऱ्या भागाचं उत्तर : विचारू नका. मी स्टोकर होतो. म्हणजे बॉयलर रूममधला माणूस. विमानं सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि आम्ही पाण्याच्या रेषेच्याही खाली. त्यामुळे मला 'विराट' आठवते ती कानांनी आणि घामाने. डेकवर विमानांना हात दाखवणारे ते रंगीत जॅकेटवाले लोक वेगळे.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. नौदलात निवड झाली तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. आजी म्हणाली, "पाणीच बघायचंय तर आपलं सुरसागर तळं काय वाईट आहे?" आधी ओडिशात चिल्काला, मग लोणावळ्याला 'शिवाजी' या नौदलाच्या केंद्रात इंजिनाचं शिक्षण. लोणावळ्यालाही समुद्र नाही, हे आजीला कळवल्यावर तिला बरं वाटलं.

'विराट' मूळची ब्रिटिशांची 'हर्मिस'. तिची बांधणी दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली सुरू झाली, 1982 च्या फॉकलंड युद्धात ती त्यांच्या ताफ्याची प्रमुख होती आणि 12 मे 1987 ला ती आपल्याकडे आली. पूर्ण भार घेतला की जवळपास 28,700 टन. एवढं धूड वाफेवर चालायचं. ती वाफ करणारे आम्ही.

बॉयलर रूममध्ये चार तासांचा वॉच, म्हणजे पाळी. अंगात डांगरी, म्हणजे कामाचा अखंड पोशाख, खिशात कॉटन वेस्ट, म्हणजे पुसायच्या सुताचा बोळा, कारण कुठल्याही व्हॉल्व्हला उघडा हात लावायची सोय नाही. उन्हाळ्यात अरबी समुद्रात आत इतकं तापायचं, की वॉच संपवून बाहेरच्या पॅसेजमध्ये आलं की मे महिन्यातलं बडोदंसुद्धा महाबळेश्वर वाटावं. पंख्याच्या तोंडाशी उभं राहायची जागा सीनियरची. पोरांनी आपला घाम आपणच गाळायचा. सगळ्यात भीती आगीची नव्हे, वाफेची. उच्च दाबाची वाफ फुटली तर ती दिसत नाही. पांढरी दिसते ती थंड झालेली. म्हणून नुसता सूं आवाज आला की हात पुढे न करता झाडूचा दांडा पुढे धरून गळती शोधायची, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दांडा चिरला की कळायचं, कुठे आहे ते.

आता विमानं. विमानं उडवायची म्हटली की जहाज वाऱ्याच्या तोंडाशी वळवतात आणि वेग वाढवतात, म्हणजे डेकवर समोरून भरपूर वारा मिळतो. आम्हाला खाली दिसायचं काय? वेग वाढवण्याचा हुकूम यायचा, इंजिनला जास्त वाफ लागायची, की आम्ही बॉयलरच्या बर्नरमध्ये तेल फवारणारा एकेक स्प्रेअर वाढवायचो. थोडक्यात, वर सी हॅरिअर, म्हणजे आमची लढाऊ विमानं, उडणार हे मला बर्नरवरून कळायचं. आणि त्या वेळी धुराची खास काळजी. हवा कमी पडली तर धूर काळा, जास्त झाली तर पांढरा. दोन्ही वाईट. चिमणीचा धूर आम्हाला आरशातून खालूनच बघता यायचा. काळा फराटा दिसायच्या आत फोन वाजलाच समजा. ज्या पायलटला परत येऊन उतरायचंय त्याच्या वाटेत आम्ही काजळी पसरायची, हे कोण खपवून घेईल? मी शिव्या खाल्ल्यात, त्यातल्या निम्म्या रास्त होत्या.

'विराट'ला विमान फेकणारं कॅटापल्ट नव्हतं. पुढच्या टोकाला 12 अंशांचा चढ, त्याला स्की जंप म्हणत. हॅरिअर त्यावरून धावत हवेत जायचं आणि येताना जहाजाच्या बाजूला हवेत थांबून, आडवं सरकत, सरळ खाली बसायचं. हे सगळं मी पाहिलं असेल फार तर आठ-दहा वेळा, सुट्टीच्या वॉचला. ऐकलं मात्र शेकडो वेळा. मिडल वॉच करून, म्हणजे रात्री बारा ते चार, सकाळी बंकवर पडलो की वर उड्डाणं सुरू व्हायची. तीन मजली बंकांची साखळी थरथरायची. पंधरा दिवसांत त्याचीही सवय होते. उलट बंदरात एकदम शांत झालं की जाग यायची.

डेकवर जायची हक्काची वेळ म्हणजे कचरा वेचायची. उड्डाणांआधी माणसं डेकभर एका रांगेत उभी राहून खाली बघत चालतात आणि खडा, स्क्रू, तारेचा तुकडा जे दिसेल ते उचलतात, कारण तेवढंसं काही इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन जातं. त्या रांगेत मी दोन-चारदा होतो. तेवढ्यात हॅरिअर जवळून पाहिलं : साखळ्यांनी बांधलेलं, नाक बाजूला दुमडलेलं. मान वर करून बघत बसलो तर मागचा ओरडला, "खाली बघ, त्यासाठीच आलोय."

पाण्याचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. चोहीकडे समुद्र आणि आंघोळीला पाणी नाही! समुद्राचं पाणी उकळून गोडं करायची यंत्रं होती, पण त्या पाण्यावर पहिला हक्क बॉयलरचा. बॉयलरला अगदी शुद्ध पाणी लागतं, जराही खारट चालत नाही. मग स्वयंपाक, मग माणसं. नळ ठरावीक वेळेलाच सुटायचा. मला याचं फार नवल वाटलं नाही, बडोद्याला आजी पहाटे उठून नळाच्या वेळेत हंडे भरायचीच. मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत तिचं पत्र यायचं, त्यात एकदा मी हे लिहिलं तर तिने उलट टपाली कळवलं : बादली भरून ठेवत जा. तीन बंकांच्या खणात बादली ठेवायची कुठे, ते नाही लिहिलं तिने.

जेवण चांगलं असे. आणि रात्री बेकरीतून पावाचा वास यायचा, तो बॉयलर रूमच्या तेलाच्या वासावरही मात करायचा. एवढं एक सुख खाली पोचायचं.

'विराट' 6 मार्च 2017 ला निवृत्त झाली आणि सप्टेंबर 2020 मध्ये तोडायला आलंगला आली. म्हणजे आमच्याच गुजरातेत. जावंसं वाटलं, पण यार्डात कोण सोडणार. पुढच्या वर्षी भावनगरला लग्न होतं, तेव्हा आलंगच्या रस्त्यावर जहाजांच्या जुन्या सामानाची दुकानं आहेत, तिथे थांबलो. एका दुकानदाराला कुठून कळलं कोण जाणे, मी नौदलातला. त्याने एक पितळी प्रेशर गेज पुढे केला : "काका, विराटनुं छे, ओरिजिनल. बारसो." मी चष्मा लावला. तबकडीवर आकडे किलोचे होते. मी रोज बघत होतो ते गेज पौंडांतले. ब्रिटिशांनी बांधलेल्या बॉयलरवर किलो कुठून आले, असं विचारलं.

तो जराही न अडखळता म्हणाला, "तो पछी चारसो आपी दो."

दिले.