रंगाच्या चाचणीत नापास झाले, आता ही नोकरी माझ्यासाठी नाही का?

कापडाच्या रंगतपासणीत काम करू इच्छिणारी मुलं पगार, शिफ्ट, बढती सगळं विचारून होतं आणि मग उठता उठता विचारतात, “माझी नजर चालेल ना?” भिवंडीची प्रोसेस हाउसं, डोंबिवलीचे डाईंगचे कारखाने, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळा जवळ असल्यामुळे ठाण्यात करिअरचा सल्ला देताना हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. त्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने सविस्तर लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कळव्याची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली. तिथे तिच्यापुढे रंगीत सोंगट्यांच्या चार पेट्या ठेवल्या आणि रंगांचा क्रम लावायला सांगितला. तिचे चुकांचे गुण शंभराच्या वर गेले. मुलाखत घेणारे म्हणाले, “तुमची नजर या कामाची नाही.” ती घरी आली, आणि पुढचे कित्येक दिवस तिने एकही अर्ज केला नाही.

माझ्याकडे ती आईबरोबर आली. मुलगी पाणी प्यायला बाहेर गेली तेवढ्यात आई खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, हे रंगांधळेपण असेल तर पुढे सांगावं लागतं का हो? स्थळं बघायला सुरुवात करायची होती.” त्या माउलीच्या मनात नोकरीपेक्षा ही भीती मोठी होती. ती बाजूला सारून करिअरबद्दल बोलत बसणं मला पटलं नाही. मी त्यांना समजावलं की लाल-हिरव्यातला जन्मजात दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांमुळे येतो. मुलाला एकच एक्स असल्याने त्याच्यात तो लगेच उमटतो. मुलीला दोन असतात, म्हणून मुलींमध्ये तो फार क्वचित दिसतो. आणि असलाच तरी तो आजार नव्हे, संसाराला त्याची काही अडचण नसते. मात्र आपल्या मुलीला तो आहे की नाही, हे आपण तिघी इथे बसून ठरवू शकत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ आहेत.

तिला दिलेल्या चाचणीचं नाव फार्न्सवर्थ-मन्सेल हंड्रेड ह्यू. नावात शंभर असले तरी लावायच्या सोंगट्या ८५ असतात, प्रत्येक पेटीची दोन टोकं पक्की असतात आणि मधला क्रम आपण लावायचा असतो. एकूण गुण वीसच्या खाली आले तर नजर उत्तम, वीस ते शंभर म्हणजे सर्वसाधारण, शंभराच्या वर म्हणजे बारीक फरक ओळखण्यात कमी, असा ढोबळ हिशेब आहे. बहुसंख्य माणसं मधल्या गटात येतात. पण एकूण आकड्याइतकंच महत्त्व चुका कुठे पडल्या याला असतं. जन्मजात दोष असेल तर चुका रंगचक्राच्या ठरावीक दोन बाजूंना गोळा होतात. नजर नुसती कच्ची किंवा थकलेली असेल तर त्या चौफेर विखुरतात. तिने निकालाच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, हे फार बरं झालं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त डाईंग मास्तर आहेत. त्यांना तो दाखवला, तर त्यांनी क्षणभर बघून सांगितलं, “चुका सगळीकडे आहेत. आधी डॉक्टरांकडे पाठवा, मग माझ्याकडे.”

डॉक्टरांनी इशिहाराचे ठिपक्यांचे तक्ते दाखवले. तिने सगळे आकडे बरोबर वाचले, म्हणजे लाल-हिरव्याचा दोष नव्हता. निळ्या-पिवळ्याचा दोष या तक्त्यांत कळत नाही, म्हणून डोळ्यांची पूर्ण तपासणी केली. तीही ठीक निघाली. तिथेच एक गोष्ट लक्षात आली. ऑनलाइन वर्ग सुरू होते तेव्हा तिने निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा चष्मा केला होता. पांढऱ्या कागदावर धरला की त्या काचा स्पष्ट पिवळसर दिसायच्या. रंग तपासताना रंगीत किंवा छटा असलेल्या काचा घालायच्या नाहीत, हा या धंद्यातला पहिला नियम. तिला तो कोणी सांगितला नव्हता, मुलाखतीतही नाही. शिवाय ती भर दुपारी स्टेशनपासून चालत गेली होती, आणि उन्हातून आल्या आल्या डोळे स्थिरावायच्या आत पेट्या समोर आल्या. काचांचा दोष किती, उन्हाचा किती, घाबरण्याचा किती, याची वाटणी आता करता येणार नाही. पण त्या एका दुपारच्या आकड्यावर आयुष्याचा निर्णय घेणं चूक होतं, एवढं नक्की. साध्या काचा बसवून, योग्य दिव्याखाली, शांतपणे तिने तीच चाचणी पुन्हा दिली. या वेळी ती मधल्या गटात आली.

“म्हणजे मी फक्त सर्वसाधारण?” तिने विचारलं. मास्तरांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, “पोरी, सर्वसाधारण नजर आणि पक्की सवय असलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. रंगछटांचं काम तीच चालवतात.”

इथे थोडं थांबून दुसऱ्या एका मुलाबद्दल सांगते, कारण सगळ्यांचा निकाल असा लागत नाही. ऐरोलीच्या त्या मुलाला खरोखरच लाल-हिरव्याचा दोष होता. सरावाने तो जात नाही, आणि जातो असं सांगणाऱ्या कुणाला पैसे देऊ नयेत. त्याला मी शेड पास करण्याच्या, म्हणजे रंगछटा बरोबर आली की नाही ते ठरवण्याच्या, कामाचा नाद सोडायला सांगितलं. ते सांगताना मला वाईट वाटलं, पण गोड बोलून त्याची दोन वर्षं वाया घालवणं जास्त वाईट ठरलं असतं. कापडाच्या प्रयोगशाळेत जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), ताण सोसण्याची ताकद, फाटण्याची ताकद, धुतल्यावर आटणं अशा चाचण्यांचा मोठा विभाग असतो. आज तो तिथे आहे आणि चांगलं काम करतो आहे.

मुलीची तयारी सुरू झाली ती जांभळी नाक्याच्या मॅचिंगच्या दुकानांतून. आपल्या बायका साडीवरचा ब्लाउजपीस दुकानातल्या ट्यूबखाली जुळला तरी तेवढ्यावर घेत नाहीत, दोन्ही कापडं दारात उजेडात नेऊन बघतात. त्या जे करतात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. एका प्रकाशात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. दोन्हींत रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं, आणि प्रयोगशाळेत त्याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून रंग तपासायच्या लाइट बॉक्समध्ये, म्हणजे दिव्यांच्या पेटीत, निदान तीन दिवे असतातच: डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे युरोपातल्या दुकानांचा प्रकाश, आणि ए म्हणजे घरातला जुना पिवळा बल्ब. आतल्या भिंती राखाडी असतात, कारण शेजारचा भडक रंग डोळ्याला फसवतो. तपासणाऱ्याने भडक कपडे घालू नयेत ते याचसाठी.

तिची आई फॉल-पिकोचं काम करते, त्यामुळे घरात रिळांचे डबे भरलेले. तिने राखाडी कार्डशीट टेबलावर पसरलं, खिडकीचा सरळ ऊन नसलेला उजेड घेतला आणि रोज थोडा वेळ साडीच्या तुकड्याशी रीळ जुळवायला लागली. बाजारातला ६५०० केल्व्हिनचा साधा एलईडी बल्ब लावू का, असं तिने विचारलं होतं. सरावाला चालेल, पण तो डी६५ नव्हे, नुसता केल्व्हिनचा आकडा जुळला म्हणून त्यातले सगळे रंग दिवसाच्या उजेडासारखे असतात असं नाही. मास्तरांची अट एकच होती, “जुळलं, नाही जुळलं” एवढं लिहायचं नाही. नमुना मूळ रंगापेक्षा गडद की फिका, टोन लाल जातो की पिवळा, उजळ आहे की मळकट, हे तीन रकान्यांत लिहायचं. पहिल्या काही सेकंदांत जे दिसेल तेच धरायचं, कारण टक लावून बघत राहिलं की डोळा थकतो आणि फरक पुसट होतो. मग नजर राखाडीवर ठेवून विश्रांती घ्यायची.

या सवयीचा फायदा पुढे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं मशीन, शिकताना झाला. मशीनही हेच सांगतं, फक्त आकड्यांत. एल म्हणजे गडद-फिका, ० ते १००. ए अधिक असेल तर लालकडे, उणे असेल तर हिरव्याकडे. बी अधिक असेल तर पिवळ्याकडे, उणे असेल तर निळ्याकडे. ही पद्धत १९७६ सालची. या सगळ्याचा मिळून एकूण फरक म्हणजे डेल्टा ई. कापडात तो बहुधा सीएमसी सूत्राने काढतात आणि १ च्या आत असला तर पास, अशी मर्यादा बरेच खरेदीदार देतात. पण नुसता डेल्टा ई सांगून डाईंगवाल्याला काही कळत नाही. कोणत्या दिशेने चुकलंय ते सांगितलं तरच तो रेसिपी सुधारू शकतो.

“मशीन आहे तर माणूस कशाला?” हा प्रश्न तिच्या वडिलांचा, आणि रास्त. कारण मशीन समोर ठेवलेलं मोजतं, नमुना नीट ठेवला आहे का ते बघत नाही. ड्रायरमधून काढलेलं गरम कापड किंवा ओलसर कापड वेगळा रंग दाखवतं. म्हणून ते २० अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रतेत स्थिरावू द्यावं लागतं. पातळ कापड एकेरी ठेवलं तर मागचा भाग मोजला जातो, म्हणून घड्या घालाव्या लागतात. कापड फिरवून फिरवून चार वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. मखमल, प्रिंट, चकाकी आणणारं रसायन लावलेलं पांढरं कापड, अशा ठिकाणी शेवटचा शब्द अजून डोळ्याचा असतो.

पुढे मुलाखतीत तिची अडचण झाली असती ती गणिताची. बी.एस्सी. झालेली कितीतरी मुलं इथे अडखळतात, म्हणून एक उदाहरण देते. ५ ग्रॅम सुती कापड, २ टक्के शेड, म्हणजे कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग. रंग लागेल ०.१ ग्रॅम. १ टक्का द्रावण तयार असेल तर त्यातलं १० मिलिलिटर घ्यायचं. कापडाला पाण्याचं प्रमाण १:१० असेल तर एकूण द्रव ५० मिलिलिटर, आणि मीठ लिटरला ६० ग्रॅम सांगितलं असेल तर ३ ग्रॅम. हे कागद न घेता सांगता आलं पाहिजे. लॅब डिपचं, म्हणजे प्रयोगशाळेत छोटा नमुना रंगवून बघण्याचं, अर्धं काम इथेच आहे. पिपेट एका थेंबाने चुकलं तर फिक्या शेडमध्ये ते दिसतं.

रंगाच्या पक्केपणाच्या चाचण्यांना ती घाबरत होती, पण तिथे तिचं रसायनशास्त्र कामी आलं. घासण्याची चाचणी कोरडी आणि ओली, दोन्ही प्रकारे होते. घामाच्या चाचणीत आम्ल आणि अल्कली असे दोन द्राव वापरून नमुना ३७ अंशांवर चार तास ठेवतात. धुलाईच्या चाचणीत नमुन्याला सहा प्रकारच्या तंतूंची पट्टी शिवतात, म्हणजे डाग सुतावर पडला की नायलॉनवर ते कळतं. रंग किती उतरला, डाग किती पडला हे जोखायचं ग्रे स्केल १ ते ५ चं, ५ सर्वांत चांगलं. प्रकाशाने रंग किती विटतो ते निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून बघतात, ती मोजणी मात्र १ ते ८, आणि नवखी मुलं ही दोन मापं नेमकी तोंडी परीक्षेत एकमेकांत मिसळतात. पुस्तकातून हे कळतं, हाताला बसत नाही. माटुंग्याची व्हीजेटीआय आणि आयसीटी, वरळीची ससमिरा, घाटकोपरची बीटीआरए, या सगळ्या संस्था ठाण्याहून लोकलच्या टप्प्यात आहेत. तिथे कोणते अभ्यासक्रम चालू आहेत याची चौकशी स्वतः जाऊन करावी, असं मी प्रत्येकाला सांगते.

माझ्या मते या नोकरीतली सगळ्यात कठीण गोष्ट तिच्या तयारीच्या यादीत नव्हतीच. संध्याकाळी गाडी दारात उभी असते, प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर उभे राहतात आणि म्हणतात, “एवढं चालतं गं, पास कर.” बाविशीच्या मुलीने तेव्हा काय बोलायचं? आम्ही हे प्रत्यक्ष बोलून बघितलं, मी साहेब झाले. सुरुवातीला ती “सॉरी सर” म्हणून गप्प व्हायची. मी तिला सांगितलं, नकार देऊ नकोस आणि होकारही देऊ नकोस, जे दिसतंय ते सांग. हळूहळू तिचं वाक्य तयार झालं: “सर, डी६५ मध्ये ठीक आहे, टीएल८४ मध्ये लाल जातंय. खरेदीदाराचा मुख्य प्रकाश टीएल८४ आहे. त्यांची लेखी मंजुरी आली तर मी लगेच पुढे पाठवते.” त्यात भांडण नाही, माघारही नाही. हे वाक्य पहिल्यांदा न अडखळता म्हणाली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला वाटतं, नजरेबद्दलची उरलीसुरली शंका तेव्हाच गेली.

पुढच्या मुलाखतीला ती तुर्भ्याला गेली. वेळेच्या बरीच आधी पोहोचली, सावलीत बसली, साधा चष्मा लावला आणि चाचणीपूर्वी डोळे स्थिरावायला थोडा वेळ मागून घेतला. तो मिळाला. मग तिला विचारलं, “मशीन पास म्हणतंय, डोळ्याला फरक दिसतोय, काय कराल?” ती म्हणाली, “आधी नमुना कसा ठेवला होता ते बघेन आणि पुन्हा मोजेन. मग तिन्ही दिव्यांत बघेन. तरीही फरक दिसला तर दोन्ही नोंदी लिहून वरिष्ठांना दाखवेन.”

प्रशिक्षणार्थी म्हणून तिला घेतलं आहे. सध्या ती घासण्याच्या आणि धुलाईच्या चाचण्या करते आणि दुपारनंतर लाइट बॉक्ससमोर वरिष्ठांच्या शेजारी उभी राहते. दोघं आपापला निर्णय आधी वेगवेगळा लिहितात, मग कागद पडताळतात. शेड पासवर सही अजून वरिष्ठांचीच असते.