लोखंड नसताना इजिप्तच्या लोकांनी इतक्या कठीण दगडाची भांडी कशी कोरली? यंत्रं होती का?

यंत्र म्हणाल तर एक साधं गिरमिट होतं. दगड तांब्याने नाही, वाळूने कापला जातो. वाळूतले क्वार्ट्झचे कण तांब्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. तांब्याची नळी ते कण फक्त गोल फिरवत ठेवते.

मला हे पटेना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात करूनच पाहिलं. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचा तुकडा आणला, अंगणातला काळा दगड घेतला (आपला काळा दगड म्हणजे बेसाल्टच) आणि वाळू-पाणी टाकत दोन तास नळी फिरवली. बांगडीएवढी गोल खाच पडली, खोली जेमतेम दोन मिलिमीटर. मधला खुंट तसाच उभा. नळी झिजली ती वेगळीच. हात भरून आले, पण दगड कापला गेला होता!

खरं कसब त्यापुढे लागतं. तोंड अरुंद आणि पोट मोठं, असं भांडं आतून कसं कोरणार? मधला खुंट तोडून काढला की कंबरेत खाच असलेला, डमरूसारखा दगड उभा धरून तोंडातून आत सोडायचा आणि आत गेल्यावर आडवा करायचा. गिरमिटाच्या लाकडी दांड्याचं खालचं टोक बेचक्याचं. ते त्या कंबरेत बसवायचं. वर वजनाला दगड बांधलेले. वाळू टाकत फिरवत राहायचं आणि जागा झाली की आणखी लांब डमरू घालायचा. सक्कारा या इजिप्तमधल्या जुन्या दफनभूमीत मेरेरुका नावाच्या वजिराच्या थडग्यात हे काम करणारे कारागीर भिंतीवर कोरलेले आहेत. चित्रलिपीत ‘कारागिरी’ हा शब्द लिहायलाही याच गिरमिटाचं चिन्ह वापरत.

जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या भुयारांत अशी सुमारे ४०,००० भांडी निघाली. कित्येकांवर त्याच्या आधीच्या राजांची नावं आहेत, म्हणजे ही कला तेव्हाच पिढ्यान्‌पिढ्यांची झाली होती. बरीचशी भांडी मऊ अलाबास्टरची आहेत, पण डायोराइटसारख्या चिवट दगडाचीही आहेत. त्यांचं श्रेय कुणी परग्रहवासीयांना दिलं की मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांचे हात झिजले त्यांची नावंही उरली नाहीत, निदान काम तरी त्यांच्या नावावर राहू दे.

कधी संग्रहालयात संधी मिळाली तर फुटकं भांडं शोधा आणि आत डोकावा. बाहेरून आरशासारखं घासलेलं असतं, आत मात्र त्या डमरूच्या आडव्या गोल रेघा बऱ्याचदा तशाच राहिलेल्या दिसतात. तिथे घासायला कुणाचा हात पोचणार?