सर्ज प्रोटेक्शनवाले टर्मिनल ब्लॉक लावले तर पीएलसीचं कार्ड खरंच वाचतं का?

वाचतं. सर्ज म्हणजे व्होल्टेजचा क्षणभराचा मोठा झटका, आणि पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, ज्याच्या कार्डांना बाहेरच्या तारा येतात. पण तुमचा पॅनलवाला म्हणतो तसं सगळ्याच्या सगळ्या टर्मिनलच्या (तारा जोडायच्या ठोकळ्यांच्या) जागी सर्जवाली टाकली, तर त्यातले बरेचसे पैसे वाया जातील.

तुम्ही दिलेली माहिती अशी: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट, डाइंगच्या पाण्याची टाकी शेडपासून साठ-सत्तर मीटरवर, तिच्यावर ४ ते २० मिलिअँपिअरचा लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याची पातळी करंटच्या रूपात पीएलसीला कळवणारा). वळवाच्या पावसात लागोपाठ दोन वर्षं ट्रान्समीटर आणि पीएलसीचं अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड दोन्ही गेलं. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) आणि एसएमपीएस (पॅनलचा डीसी पॉवर सप्लाय) मात्र ठणठणीत. मी सोलापुरातच कंट्रोल पॅनल बांधतो. एप्रिल-मेच्या वळवात आणि मग सप्टेंबरच्या परतीच्या पावसात अशा तक्रारी ठरलेल्या.

तुमच्या माहितीतली कामाची गोष्ट शेवटची आहे. ड्राइव्ह वाचले आणि कार्ड गेलं, म्हणजे सर्ज बहुतेक मेन लाइनवरून आलेला नाही, टाकीच्या केबलवरून आलाय. त्यासाठी वीज टाकीवरच पडायला हवी असं नाही. शे-दोनशे मीटरवर पडली तरी तो करंट जमिनीत पसरताना टाकीखालच्या जमिनीचं व्होल्टेज वेगळं आणि शेडखालच्या जमिनीचं वेगळं होतं. काही मायक्रोसेकंद हा फरक हजारो व्होल्टचाही असू शकतो, आणि या दोन जागांना जोडणारी तुमच्याकडची वस्तू म्हणजे ती दोन तारांची केबल. फरक तिच्यातूनच मिटतो. म्हणून दोन्ही टोकांची यंत्रं जातात, मधली केबल शाबूत राहते.

त्यामुळे सर्ज टर्मिनल लावायचं ते इमारतीबाहेर जाणाऱ्या तारांना, तेही दोन्ही टोकांना. एक पॅनलमध्ये, एक टाकीवर ट्रान्समीटरशेजारी. फक्त पॅनलमध्ये लावलं तर कार्ड वाचेल आणि ट्रान्समीटर पुन्हा जाईल. शेडच्या आतल्या आत दहा-पंधरा मीटर फिरणाऱ्या पुश बटन, प्रॉक्सिमिटी, लिमिट स्विचच्या तारांना साधं टर्मिनल पुरे. त्यात एल्मेक्स, कनेक्टवेल चालतं. मागशेडमध्ये हादरे सतत असतात, तिथे स्क्रूपेक्षा स्प्रिंगवालं बरं. मात्र तारेला फेरूल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून.

आता त्या सहा-साडेसहा मिलिमीटरच्या चपट्या ब्लॉकमध्ये असतं काय ते सांगतो, कारण पुढच्या चुका तिथूनच कळतात. फील्डच्या बाजूला गॅस डिस्चार्ज ट्यूब असते. ती हजारो अँपिअर पचवते, पण पेटायला वेळ घेते, आणि तोवर तिच्यावर काहीशे व्होल्ट चढून बसतात. कार्डाच्या बाजूला सप्रेसर डायोड असतो. तो लगेच धावतो, २४ व्होल्टच्या लाइनला चाळीस-पन्नास व्होल्टच्या आसपास दाबून धरतो, पण ताकद कमी. दोघांच्या मध्ये छोटा रेझिस्टर किंवा कॉइल. डायोड करंट ओढायला लागला की या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं, तेच मागे ट्यूबवर चढतं आणि ट्यूब पेटते. पेटली की सगळा भार ती घेते, डायोड सुटतो.

म्हणून हा ब्लॉक उलटा लावून चालत नाही. उलट्या लावल्यावर डायोडच पुढे येतो आणि पहिल्याच फटक्यात मरतो. ब्लॉकवर कोणती बाजू फील्डची आणि कोणती प्रोटेक्टेड हे छापलेलं असतं, तरी उलटे लागलेले ब्लॉक मी बरेच पाहिलेत. दुसरी गोष्ट चॅनलची. फील्डकडून आलेली ‘घाण’ तार आणि कार्डाकडे जाणारी ‘स्वच्छ’ तार एकाच पीव्हीसी चॅनलमधून शेजारी-शेजारी नेली, तर सर्ज ब्लॉकला वळसा घालून हवेतूनच पलीकडे उडी मारतो. एका बाजूचा चॅनल फील्डला, दुसऱ्या बाजूचा कार्डाला, असं ठेवा.

मधल्या रेझिस्टरमुळे आणखी एक भानगड होते. ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपला दोन-चार ओहम वाढले तर काही बिघडत नाही. पण डाइंग मशीनच्या दोन तारांच्या पीटी १०० वर (तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर) हाच ब्लॉक लावलात तर? पीटी १०० चा रेझिस्टन्स अंशामागे ०.३८५ ओहमनं बदलतो, म्हणजे दोन ओहम वाढले की तापमान पाच अंश जास्त दिसणार, आणि रंगाची छटा चुकली म्हणून गिऱ्हाईक माल परत पाठवणार. तिथे तीन किंवा चार तारांच्या आरटीडीसाठी (पीटी १०० सारख्या सेन्सरसाठी) बनवलेला प्रकारच घ्या. सोलेनॉइड वगैरेची पॉवरही या ब्लॉकमधून नेऊ नका. बहुतेकांची मजल काहीशे मिलिअँपिअरपर्यंतच असते.

आता अर्थिंग. हे ब्लॉक सर्ज गिळत नाहीत, अर्थकडे ढकलतात, आणि ढकलायला वाट नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. बऱ्याच मॉडेलमध्ये अर्थची वेगळी तार नसते, खालचा धातूचा पाय डिन रेलला (ब्लॉक ज्या धातूच्या पट्टीवर बसतात तिला) धरतो तोच अर्थ. आणि रेल कुठे असते? आपल्या नेहमीच्या नारिंगी पावडर कोटिंगच्या प्लेटवर, दोन स्क्रूवर. मल्टिमीटर लावला तर बीप येतो, कारण स्क्रूच्या आट्यांतून कुठेतरी संपर्क असतो. पण डाइंगच्या वाफेत दोन पावसाळे गेले की तो स्क्रू गंजतो. रेलवर एक हिरवं-पिवळं अर्थ टर्मिनल घट्ट बसवा आणि तिथून ६ स्क्वेअर एमएमची तार सरळ अर्थ बारला न्या. सरळ म्हणजे सरळ, चॅनलमधून पॅनलभर फिरवून नाही.

तारेच्या लांबीवर मी अडून बसतो, कारण हिशेब साधा आहे. सरळ तारेचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. १० किलोअँपिअरचा सर्ज ८ मायक्रोसेकंदांत चढला तर एका मीटरवर जवळपास १,२५० व्होल्ट पडतात. मेनला बसवलेल्या एसपीडीवर (सर्ज अर्थकडे वळवणाऱ्या उपकरणावर) ‘१.५ किलोव्होल्ट’, म्हणजे सर्जच्या वेळी पुढे जाणारं व्होल्टेज, लिहिलेलं असलं, पण फेजकडची आणि अर्थकडची तार मिळून दोन मीटर असली, तर यंत्रापर्यंत प्रत्यक्षात चार हजार व्होल्ट पोचतात. २३०/४०० व्होल्टच्या लाइनवरचं नेहमीचं उपकरण अडीच हजारांचा फटका सोसेल असं धरून बनवलेलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची. तार जाड केली की झालं असं वायरमन सांगतात, पण जाडी दुप्पट-चौपट केली तरी इंडक्टन्स फारसा उतरत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याचं म्हणाल तर आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि काळा पाषाण. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. त्यामुळे अर्थ टेस्टर उन्हाळ्यात लावा. ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग चांगलं येतं म्हणून खूश होऊ नका. पण ओहमच्या आकड्यापेक्षाही मोठी चूक वेगळीच असते. ‘इलेक्ट्रॉनिक्सला वेगळं अर्थिंग’ म्हणून पीएलसीसाठी स्वतंत्र खड्डा खणतात आणि तो मेन अर्थिंगला कुठेच जोडत नाहीत. असा खड्डा असला तर आधी तो मेन अर्थ बारला जोडा. चंद्रभागेला पूर आला की होड्या पाण्याबरोबर वर जातात, त्यांचं काही बिघडत नाही. आखूड दोरानं घाटाला बांधलेली होडी तेवढी बुडते. तसंच इथे. सगळं एकत्र बांधलेलं असेल तर सर्जच्या वेळी सगळं एकत्र वर चढतं आणि एकत्र उतरतं. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्येही इमारतीतली अर्थिंग एकत्र जोडण्याचाच सल्ला आहे. टाकीवरच्या ब्लॉकचा अर्थ टाकीच्या लोखंडाला आणि तिथल्या इलेक्ट्रोडला जोडा. केबलसोबत जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची) पट्टी पुरून ती शेडच्या अर्थिंगला जोडता आली तर उत्तमच.

मेनला काहीच नसेल तर टाइप २ एसपीडी आधी बसवा, सिग्नलचं नंतर. छतावर वीजरोधक असेल किंवा लाइन खांबावरून उघडी येत असेल तर टाइप १ आणि २ एकत्र असलेला घ्या. सतत सोसायच्या व्होल्टेजचा आकडा बघून २७५ व्होल्टऐवजी ३२० व्होल्टचा घ्या, कारण रात्री माग बंद झाले की व्होल्टेज वर सरकतं. तरी न्यूट्रल तुटला तर एसपीडी वाचवणार नाही, आधी तोच जळेल. सर्ज मायक्रोसेकंदांचा असतो, आणि न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या वस्तूंवर चारशेच्या जवळपास व्होल्ट मिनिटंच्या मिनिटं बसून राहतात. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले वेगळा लागतो. दोन्हींना लोक ‘प्रोटेक्शन’च म्हणतात आणि एक लावून दुसऱ्याची अपेक्षा करतात.

आभाळ कोरडं असतानाही कधी कार्ड गेलं असेल तर सर्ज पॅनलमध्येच तयार होतोय असं समजा. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचची) कॉइल सुटताना उलटा झटका मारते. डीसी कॉइलला डायोड आणि एसी कॉइलला आरसी स्नबर, एवढा स्वस्त उपाय असतो आणि तोच कोणी करत नाही.

टाकीवर नुसता फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) असता तर मी सर्ज ब्लॉकचं नावही काढलं नसतं. मध्ये एक २४ व्होल्टचा रिले टाकला की झालं. गेला तर रिले जाईल, कार्ड नाही. तुमच्याकडे ट्रान्समीटर आहे म्हणून हा खर्च.

घेताना डेटाशीट मागा. सिग्नलच्या ब्लॉकवर आयईसी ६१६४३-२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि सी २, सी ३, डी १ अशा चाचणीच्या कॅटेगरी छापलेल्या असतात, मेनच्या एसपीडीवर ६१६४३-११. फिनिक्स कॉन्टॅक्ट, वाइडम्युलर, डेन (DEHN) या कंपन्यांची शीट सहज मिळतात. ‘सर्ज प्रोटेक्टेड’ एवढंच लिहिलेलं आणि आकडा एकही नाही, असला माल घेऊ नका. प्लग निघणारं मॉडेल घेतलंत तर तार न सोडता प्लग बदलता येतो. एक प्लग पॅनलच्या दाराच्या खिशात ठेवून द्या, कारण हे खपणारं सामान आहे. मोठा फटका खाल्लेला ब्लॉक पुष्कळदा आतून अर्थला शॉर्ट होतो आणि टाकी भरलेली असूनही लेव्हल शून्य दिसते. तेव्हा ट्रान्समीटरवर खापर फोडण्याआधी प्लग काढून बघा.

टाकीची केबल शील्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) आहे का आणि शील्ड कुठल्या टोकाला जोडलीय ते कळवा. अर्थ बारचा एक फोटोही टाका, म्हणजे तार कुठून न्यायची ते नेमकं सांगतो.