वाचक विचारतात : कागदी फुलं

प्रश्न : बियाणाच्या पाकिटावर ‘हेलिक्रिसम’ लिहिलेली, कागदासारख्या फुलांची रोपं कुंडीत लावली आहेत. शेंड्याची पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. फुलं वाळवली तर माना मोडतात आणि मधून कापसासारखे तंतू उडतात. काय चुकतंय? (पुणे)

उत्तर : हे झेरोक्रिसम ब्रॅक्टिएटम, मूळचं ऑस्ट्रेलियातलं; पाकिटावरचं ‘हेलिक्रिसम’ हे त्याचंच जुनं नाव. तिथं रानात ते बहुधा सोनेरी पिवळं, क्वचित पांढरं फुलतं. गुलाबी, तांबडे रंग बागेतल्या वाणांचे.

पानांचं दुखणं लोहाच्या कमतरतेचं आहे. मातीचा सामू (आम्ल-विम्लतेचं माप, पीएच) ६.२ च्या वर गेला की या झाडाला लोह नीट उचलता येत नाही. चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी असेल तर हे हमखास होतं. अशा मातीत साधं ईडीटीए चिलेट (झाडाला घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) फार टिकत नाही, म्हणून ईडीडीएचए प्रकारचं लोह-चिलेट घ्या; लिटरभर पाण्यात १ ग्रॅम विरघळवून मातीत द्या, पानांवर सांडू देऊ नका, डाग पडतात. कुंडीत राख किंवा चुना अजिबात नको. पाण्याचा निचरा आधी तपासा, कारण मुळं कुजत असतील तरी पानं अशीच दिसतात.

आता फुलं. तुम्ही ती उशिरा तोडताय. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर छदं, म्हणजे फुलाभोवतीची पानासारखी आवरणं, मृत पेशींची. खरी फुलं मधल्या पिवळ्या चकतीत असतात. तोडल्यावरही चकती पिकतच राहते, छदं मागे वळतात आणि बियांचे तंतू सुटतात. म्हणून बाहेरच्या एक-दोन ओळीच उघडल्या असतील, मधला भाग झाकलेला असेल, तेव्हाच तोडा. दव पूर्ण उडाल्यावर तोडायचं. ओलं फूल मिटतं आणि अंदाज चुकतो.

मान वाळल्यावर वजन पेलत नाही. तोडलं त्याच दिवशी देठ सेंटिमीटरभर ठेवून २० गेजची तार खालून फुलात खुपसा, वरून टोक दिसता कामा नये. फूल आकसतं तशी पकड घट्ट होते. नंतर तार घालायला गेलात तर फूल फुटतं. देठासकट वाळवायची असतील तर सगळी पानं काढा, ती काळी पडून बुरशी धरतात. लहान जुड्या अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलट्या टांगा. उन्हात रंग उडतो.

पावसाळ्यात वाळलेली फुलं मिटली तर टाकून देऊ नका. छदाच्या दोन बाजू दमट हवेत कमी-जास्त फुगतात, एवढंच. हवा कोरडी झाली की पुन्हा उघडतात.