सरांचा आवाज माझ्या तोंडून

«मावशी, मी परभणीची, वय 23. नऊ वर्षं कराटे शिकले, दोन वर्षांपूर्वी ब्लॅक बेल्ट मिळाला. जूनपासून सरांनी लहान मुलांची बॅच माझ्याकडे दिली. मला सगळं येतं, पण शिकवता येत नाही. आठ वर्षांचा एक मुलगा, समोर उभी राहून कितीदा करून दाखवलं तरी डाव्याऐवजी उजवाच हात काढायचा. चिडून मी त्याला सगळ्यांसमोर वीस उठबशा काढायला लावल्या. सर आमच्याशी असंच वागायचे. तो रडला. आठवडा झाला, आलेला नाही. बॅच सोडून देऊ का?»

बाळा, सोडू नकोस. पण आज संध्याकाळी त्या लेकराच्या घरी जा. आईला फोन करून भागायचं नाही. त्याच्यासमोर बस आणि «माझं चुकलं» एवढंच म्हण. चॉकलेट नेऊ नकोस, लेकरांना लगेच कळतं.

आणि चुकलं तुझंच. तू त्याच्याकडे तोंड करून उभी होतीस ना? मग तुझा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला येतो. त्याला जे दिसलं तेच तो करत होता. आरशात बघितल्यासारखं. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, शिकवताना मुलांकडे पाठ करून उभी राहा, नाहीतर समोरून दाखवताना स्वतः उलटा हात काढ. हे तुला कुणी सांगितलं नसणार, कारण शिकताना त्याची गरजच पडत नाही.

मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. पहिल्याच वर्षी पाढे चुकले म्हणून एका मुलीला अंगठे धरून उभं केलं. आमच्या गुरुजींनी मला तसंच उभं केलं होतं. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली, पण त्यानंतर वर्षभर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. मी तिच्या घरी गेले नाही. ते अजून सलतं. म्हणून तुला इतकं बजावून सांगतेय.

सरांकडून तू पंच घेतलास, शिस्त घेतलीस, तसा रागही आपसूक घेतलास. तो परत ठेवता येतो. तू मुलांना जो हेइआन शोदान नावाचा काता शिकवतेस, तो मुळात जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या कराटेगुरू इतोसू आन्को यांनी शाळेतल्या पोरांसाठी रचलेल्या कात्यांपैकी. फुनाकोशींनी त्याला हे नाव दिलं. 1922 साली कराटे टोकियोला नेणारे हे फुनाकोशीही पेशानं शाळामास्तरच होते. 21 हालचालींचा तो काता लेकरांच्याच मापाचा आहे, पण त्यांना तो त्यांच्या वेगानं घेऊ दे. एका दिवशी चारच हालचाली झाल्या तरी चालेल.

आणि मुलांकडे बघत जा. सगळ्यांचीच मागची मूठ कमरेवरून घसरत असेल, तर आधी स्वतःची तपास. नऊ वर्षांत जी चूक सरांच्या नजरेतून सुटली, ती ही पोरं तुला पंधरा दिवसांत दाखवतील.

शोदान म्हणजे सुरुवातीची पायरी. पहिल्या ब्लॅक बेल्टलाही शोदानच म्हणतात, मग शिकवायला येत नाही याची लाज कसली? सरांना एक दिवस कोपऱ्यात बसून बघायला सांग, मुलगा का गेला तेही सांग.

तो परत आला तर मागच्या रांगेत ठेवू नकोस. तुझ्या डाव्या हाताला उभा कर. कात्याचं पहिलं वळण तिकडेच आहे, वळलीस की आधी तोच दिसेल.