आधी डाळीचा उतारा, मग हिश्शाची बोलणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दारव्ह्याच्या त्या तूरडाळवाल्या पोरांना 10 टक्के हिश्शासाठी पाच लाख द्यायचे का, विचारलंस. त्यांची स्लाइड राहू दे, गिरणीवर जा. एक क्विंटल तूर डोळ्यांसमोर टाकायला लाव. तेल-पाणी देऊन उन्हात वाळायला दोन-तीन दिवस जातात, तेवढे थांब आणि निघालेली डाळ मोज. क्विंटलमागे जेवढी डाळ निघाली, तो उतारा.

समज, तूर 8,000 रुपये क्विंटल, उतारा 72 किलो, चुनीचे, म्हणजे भरडताना निघालेल्या तुकड्या-टरफलांचे, 400 आले. डाळ किलोला 106 रुपयांना पडली. पाकिटावर 160 छापले तर दुकानदाराचे 15 टक्के जाऊन 136. त्यात धरलेला 5 टक्के जीएसटी काढला की एकशे साडेएकोणतीस. भरडाई, पाकीट, वाहतूक मिळून 14 धर. हातात साडेनऊ. दाणा लहान-मोठा असला किंवा वाळवण कमी पडली की डाळ तुटते, उतारा 68 वर येतो आणि साडेनऊचे साडेतीन होतात. पोरं उतारा 75 सांगतील. सांगू दे.

महिन्याला 20 क्विंटल खपली तरी उरले 19,000, आणि भागीदार तिघं. त्यात कास्तकाराला रोख द्यावे लागतात, दुकानदार मात्र 45 दिवस उधारी ठेवतो. दीड महिन्याचा माल म्हणजे चार लाखांच्या वर. तुझे पाच लाख मशीनला जाणार नाहीत, किराणावाल्यांच्या वहीत बसतील. खप खरा आहे का, हे बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, शेजारी ठेवून पाहा. चार दुकानदारांना फोन करून विचार, दुसऱ्यांदा माल मागवला का. पहिली ऑर्डर ओळखीपायीही मिळते.

पाच लाखांत 10 टक्के म्हणजे तुझे पैसे येण्याआधीच ते कंपनीची किंमत 45 लाख लावतात. मशीन आणि माल धरून बारा लाख भरत असतील, तर उरलेले 33 कशाचे? वर्षाला सव्वादोन लाख उरणाऱ्या धंद्यावर मी तरी इतके लावणार नाही.

कागदाचं थोडक्यात. भागीदारी फर्मला शेअर देता येत नाहीत, प्रायव्हेट लिमिटेडच हवी. पैसे बँकेतूनच दे, रोख अजिबात नाही. 60 दिवसांत शेअर वाटप, त्यानंतर 15 दिवसांत पीएएस-3, म्हणजे शेअर वाटल्याची सरकारदरबारी नोंद करायचा फॉर्म. तो भरेपर्यंत कंपनीला ते पैसे वापरता येत नाहीत. तिघांचे शेअर चार वर्षांत थोडे थोडे पक्के होतील, असं करारात घाल. नाहीतर एखादा पुण्याला नोकरीला जाईल आणि तिसरा हिस्सा सोबत नेईल.

मोजणी जानेवारीच्या नव्या तुरीवर करू नको, तिच्यात ओल असते. मार्चमधला कट्टा घे, आणि काटा आपला ने.