लोकलमध्ये गाऊन महिन्याला किती सुटतात? पेटी (हार्मोनियम) घ्यावी की गळ्यात अडकवायचा स्पीकर?

पेटी घ्या. स्पीकरवाल्यांशी माझा जुना वाद आहे, तो इथेही घालतो. स्पीकरवरचा ट्रॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, सुरू झाला की आपल्या वेळेनेच संपतो. गाडी मध्येच सिग्नलला अडकते, दादरला गर्दी आत घुसते, पण ट्रॅकला त्याचं काही नाही. पेटीवाला तिथल्या तिथे धृपदावर येतो, आवाज खाली घेतो, नाहीतर गाणं आटोपतं घेतो. आणि माणूस खिशात हात घालतो तो समोर बोटं चालताना दिसतात म्हणून. रेकॉर्ड केलेलं गाणं त्याच्या कानात आधीच चालू असतं.

बैठकीची जड पेटी नको. तीन सप्तकं, कपलर (एक पट्टी दाबली की सप्तकभर लांबची पट्टीही वाजवणारी जोडणी) नसलेली, रुंद पट्ट्याची बघा. अरुंद पट्टा तासाभरात मानेत रुततो. सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ओळी, नर-नर घ्या: दोन्ही मधल्या उंचीच्या. दुकानदार खर्ज-नरचा (एक ओळ खालच्या, जाड आवाजाची) आग्रह धरतात आणि घरात ती भरदार वाटतेही, पण चाकांच्या घरघरीत खर्ज पार बुडतो. पाठ पार्टिशनला टेकवून उभं राहा म्हणजे भाता उघडायला पुढे जागा राहते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, एखाद्या सुरात धूळ बसून तो मुका होतो. पातळ पात्याने सुराची जीभ किंचित उचलून फुंकर मारली की बहुतेक वेळा बोलतो. पेटी उन्हात वाळवू नका, लाकूड वाकतं. जोडीदाराची ढोलकी नटबोल्टची असावी आणि पाना पिशवीत. दमट हवेत पुडी, म्हणजे ढोलकीचं कातडं, वारंवार सैल होऊन उतरते.

स्लो गाडीत दोन स्टेशनांमध्ये दोन-चार मिनिटं मिळतात. आलाप विसरा. धृपद, एक अंतरा, पुन्हा धृपद. अंतरा सुरू होताच जोडीदाराने पैसे गोळा करत फिरायला लागायचं. फलाट आल्यावर फिरलात तर देणारा उतरून गेलेला असतो. चर्चगेट ते दादर स्टेशनं फार जवळ, गाणं बसतच नाही. मानखुर्द-वाशीला खाडी ओलांडेपर्यंत अख्खं गाणं होतं, फक्त पुलावर खडखडाट वाढतो, तिथे वरच्या सप्तकात राहा. वेळ अकरा ते चार. सकाळच्या गर्दीत भजनी मंडळं असतात, ती पैसे घेत नाहीत; त्यांच्या डब्यात हात पसरणं मला पटत नाही.

क्यूआर कोड पेटीच्या पुढच्या फळीवर लावा. दीड मीटरवरून स्कॅन व्हायला तो साधारण पंधरा सेंटीमीटर रुंद लागतो. तळहाताएवढं कार्ड लावणारे नेटला दोष देत बसतात.

महिन्याला किती सुटतात याचा आकडा मी सांगत नाही, पण गणित मांडताना जोडीदाराचा अर्धा वाटा, पास, पेटीची दुरुस्ती आणि दंड आधी वजा करा.

हो, दंड. गाऊन पैसे घेणं भीक नाही, असं माझं ठाम मत आहे. पण १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा गाण्याच्या निमित्ताने पैसे मागणंही भीकच धरतो, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली डब्यात विनापरवाना विक्रीसाठी एक वर्षापर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं; भिकेलाही हीच शिक्षा होती, २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ती काढली, पण भीक मागायला मनाई आहेच. महिलांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यात चढलात तर वेगळी कलमं. स्टेशनात रीतसर जागा हवी असेल तर मंडल रेल्वे व्यवस्थापकाच्या कार्यालयात लेखी अर्ज करा: पश्चिमचं मुंबई सेंट्रलला, मध्यचं सीएसएमटीला.